उभ्या माणसाची शुद्ध का हरपते? टिल्ट टेबल चाचणी काय दाखवते आणि काय दाखवत नाही

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत लग्नाच्या मांडवात, रेशनच्या रांगेत किंवा केळीच्या बागेत एखादा माणूस उभ्याउभ्या कोसळला, की भोवतालच्यांची दोन निदाने तयार असतात: ऊन लागले किंवा फिट आली. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळत असताना पहिले निदान अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण तोच माणूस पौषातल्या थंडीत, देवळात आरतीला उभा असताना पुन्हा पडला, तर मग कोणाला जबाबदार धरायचे? दुसरे निदान तर अधिक महागात पडते, कारण त्यातून अपस्माराच्या गोळ्या सुरू होतात, त्या वर्षानुवर्षे चालतात, मुलीचे लग्न अडते, मुलाची नोकरी हुकते, आणि एवढे होऊनही पडणे थांबत नाही, कारण मुळात तो आजार नसतोच.

भोवळ येऊन शुद्ध हरपणे याला वैद्यकशास्त्रात सिन्कोप म्हणतात. मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर अपुरा पडतो, शुद्ध जाते, अंग ढिले पडून माणूस खाली येतो आणि थोड्याच वेळात, बहुतेकदा अर्ध्या मिनिटाच्या आत, आपोआप पूर्ण भानावर येतो. अपस्मारात बिघाड मेंदूच्या विद्युत कार्यात असतो, रक्तपुरवठ्यात नव्हे. दोहोंची गल्लत होण्याचे मुख्य कारण असे, की साध्या मूर्च्छेतही हातापायांना झटके येऊ शकतात आणि डोळे उघडे राहून वर फिरलेले दिसतात. पाहणारा घाबरतो आणि ‘फिट’ असे सांगून मोकळा होतो. मूर्च्छेतले झटके सहसा थोडे, दहाच्या आतले आणि बेताल असतात. अपस्मारातले झटके पुष्कळ आणि तालबद्ध असतात, जिभेची कड चावली जाते आणि शुद्धीवर आल्यानंतरही बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. मूर्च्छेतून उठलेला माणूस मात्र दमलेला असला तरी मिनिटाभरात ‘मी कुठे आहे’ हे नीट सांगू शकतो. झटके मोजत बसण्याचे भान प्रसंगी कोणालाच राहत नाही. म्हणून कोणी मोबाइलवर त्या क्षणाचे चित्रीकरण केले असेल, तर ते डॉक्टरांना जरूर दाखवावे. कित्येकदा महागड्या तपासणीपेक्षा ते तीस सेकंद जास्त सांगून जातात.

टिल्ट टेबल चाचणी म्हणजे रुग्णाला टेबलावर पट्ट्यांनी बांधून, टेबल तिरके उचलून मूर्च्छा येते का ते पाहणे. ती कळण्यासाठी आधी उभे राहणे हे शरीराच्या दृष्टीने किती कष्टाचे काम आहे, ते पाहायला हवे. माणूस आडव्याचा उभा झाला, की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या खालच्या भागाकडे आणि पायांच्या शिरांकडे उतरते. तेवढे रक्त हृदयाकडे परतायचे राहिल्यामुळे प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त घटते. मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्याशी आणि महाधमनीच्या कमानीत रक्ताचा दाब जोखणारी चेतातंतूंची टोके असतात. दाब उतरू लागल्याचा निरोप ती लगेच मेंदूकडे धाडतात, आणि मेंदू ठोके वाढवून व रक्तवाहिन्या आवळून दाब सावरतो. हे सारे काही सेकंदांत घडते आणि निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ठिबकवर केळी घेणाऱ्या शेतकऱ्याला यातला बिघाड चटकन कळेल. मोटार तेवढीच चालू असली तरी सगळे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडले, की शेवटच्या ओळीपर्यंत दाब पोचत नाही. आणि व्हॉल्व्ह ठीक असले तरी व्होल्टेज पडून मोटार मंदावली, तरीही शेवटची ओळ कोरडीच राहते. उभ्या माणसात ती शेवटची ओळ म्हणजे मेंदू. रक्तवाहिन्या एकाएकी सैल पडणे हा एक प्रकार, हृदयाचे ठोके एकाएकी मंदावणे हा दुसरा, आणि बऱ्याच रुग्णांत दोन्ही मिसळून येतात. मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद तुटला, तरी शुद्ध हरपायला तेवढे पुरते.

असा बिघाड होण्याची कारणे ढोबळमानाने तीन गटांत मोडतात. सर्वांत जास्त आढळणारा गट प्रतिक्षिप्त मूर्च्छेचा आहे. यात फार वेळ उभे राहणे, उकाडा, गर्दी, वेदना, रक्त पाहणे किंवा इंजेक्शनची भीती अशा निमित्ताने मज्जासंस्था नेमकी उलटी प्रतिक्रिया देते. वाहिन्या आवळण्याऐवजी सैल पडतात आणि व्हेगस नावाची चेता हृदयाला लगाम घालते. स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजवंदनाला कवायतीच्या रांगेत पडणारी मुले बहुधा या गटातली. रात्री खाटेवरून उठून लघवीला गेलेले आणि तिथेच कोसळलेले आबाही याच गटात येतात. दुसरा गट उभे राहताच रक्तदाब उतरणाऱ्यांचा असतो. वाढलेले वय, जुना मधुमेह, कंपवात, शरीरातले पाणी कमी होणे आणि चालू असलेली औषधे ही त्याची नेहमीची कारणे. तिसरा गट हृदयाचा. ठोक्यांची लय बिघडणे, झडप अरुंद होणे किंवा हृदयाचा स्नायू जाड होणे यांमुळे येणारी मूर्च्छा संख्येने कमी असली, तरी जिवाला धोका खरा तिच्यातच असतो.

चाचणीच्या आधी जे व्हायलाच हवे

टिल्ट टेबल ही पहिली तपासणी नव्हे, हे आरंभीच सांगून टाकावेसे वाटते, कारण मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जाऊन ‘ती टेबलाची टेस्ट’ एकदा करून आलो म्हणजे निदान झाले, असा समज हल्ली आढळतो. पहिली तपासणी म्हणजे नीट विचारपूस. पडण्यापूर्वी माणूस उभा होता, बसला होता की झोपला होता. ‘डोयासमोर अंधारी उनी’, मळमळले, घाम सुटला, कानांत आवाज आला, की काहीही न जाणवता एकदम पडला. जेवण झाले होते की उपवास होता. कोणत्या गोळ्या चालू आहेत. एवढी माहिती नीट मिळाली, तर बऱ्याच रुग्णांचे निदान खुर्चीतून न उठता होते. घरच्यांनी गोळ्यांची नावे आठवत बसण्यापेक्षा सगळी पाकिटेच पिशवीत घालून नेणे बरे. रक्तदाबासाठी किंवा प्रोस्टेटसाठी दिली जाणारी प्राझोसिन व टॅम्सुलोसिन यांसारखी औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उभ्या माणसाचा दाब उतरवू शकतात.

दुसरी तपासणी ईसीजीची, आणि तिसरी इतकी साधी आहे की ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा दाब 20 किंवा खालचा दाब 10 अंकांनी उतरला, अथवा वरचा दाब 90 च्या खाली गेला, तर पडण्याचे कारण तिथेच हाती लागण्याची शक्यता मोठी असते. ओपीडीची गर्दी आठवली, की ही सात-आठ मिनिटे का दिली जात नाहीत ते समजते, तरीही खानदेशासारख्या भागात, जिथे टिल्ट टेबलाची सोय गावोगावी नाही, तिथे या साध्या मोजणीला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘उभे करूनही एकदा बीपी पाहाल का?’ असे विचारण्यात संकोच मानू नये.

चालताना किंवा ओझे उचलताना मध्येच कोसळणे, झोपलेल्या स्थितीत शुद्ध जाणे, पडण्याच्या लगेच आधी छातीत धडधडणे, घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, आधीपासून हृदयविकार असणे किंवा ईसीजी बिघडलेला येणे, यांपैकी काही असेल तर मोर्चा आधी हृदयाकडे वळवावा लागतो. अशा रुग्णाला इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी), चोवीस तास किंवा त्याहून जास्त काळ ईसीजी नोंदवणारे होल्टर यंत्र आणि हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला लागतो. त्याला आधी टिल्ट टेबलावर झोपवणे म्हणजे वेळ दवडणे होय.

टेबलावर नेमके काय घडते

माणसाला तिरक्या फळीवर बांधून शरीर उभे राहण्याला कसे तोंड देते, याचा अभ्यास शरीरशास्त्रज्ञ बऱ्याच आधीपासून करत होते. पण कारण न सापडलेल्या मूर्च्छेच्या निदानासाठी त्याचा उपयोग होतो, हे 1986 साली लंडनच्या डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले आणि तेव्हापासून ही चाचणी जगभर रूढ झाली. तिच्यामागची कल्पना सरळ आहे. मूर्च्छा घरी, शेतात, बसस्टँडवर येते आणि तिथे यंत्र नसते. तेव्हा यंत्र लावलेले असताना, हाताशी डॉक्टर असताना ती येऊ द्यायची आणि शुद्ध हरपण्याच्या क्षणी दाब आधी पडला की ठोके आधी पडले, ते नोंदवून घ्यायचे.

रुग्णाने दोन ते चार तास काही खाल्लेले नसावे. खोली शांत, मंद उजेडाची आणि फार गार किंवा गरम नसलेली ठेवतात. रुग्णाला टेबलावर उताणे झोपवून छातीवर ईसीजीच्या चकत्या लावतात आणि बोटाभोवती एक छोटा पट्टा गुंडाळतात. दंडाचा नेहमीचा पट्टा फुगून एक आकडा देतो आणि मिनिटभर गप्प बसतो, तर बोटावरचा हा पट्टा प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा नोंदवतो. दोन मोजण्यांच्या मधल्या वेळेतच माणूस पडतो, म्हणून त्याचे महत्त्व. छातीवर आणि गुडघ्यांच्या जरा वर रुंद पट्टे आवळतात, तळपायांखाली लाकडी किंवा धातूची पायफळी येते. हाताला सुई लावली नसेल तर निदान पाच मिनिटे, आणि लावली असेल तर वीस मिनिटे असेच पडून राहायचे असते, कारण सुई टोचण्याच्या भीतीनेच काहींचा दाब खालीवर होतो.

मग टेबल 60 ते 70 अंशांपर्यंत उचलले जाते. पूर्ण सरळ नाही आणि चालायला मोकळीकही नाही, हेच यातले मर्म आहे. रांगेत उभा असलेला माणूस नकळत पाय हलवतो, पोटऱ्या आवळतो आणि त्या स्नायूंच्या दाबाने रक्त वर ढकलले जाते. पट्ट्यांनी धरलेल्या रुग्णाला हा आधार मिळत नाही, त्यामुळे त्याच्या मज्जासंस्थेची परीक्षा कसून होते. नुसते असे उभे राहण्याचा पहिला टप्पा वीस मिनिटांचा असतो, काही ठिकाणी तो पंचेचाळीस मिनिटांपर्यंत लांबवतात. त्यात काही झाले नाही, तर 300 ते 400 मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरिनची गोळी किंवा फवारा जिभेखाली देतात, म्हणजे छातीत दुखल्यावर हृदयरुग्ण जिभेखाली ठेवतात त्या जातीचे औषध. त्याने वाहिन्या सैल होतात आणि मूर्च्छेची प्रवृत्ती असेल तर ती वर येते. पुढे पंधरा-वीस मिनिटे पाहतात. पुरुषांनी लैंगिक शक्तीसाठी सिल्डेनाफिल गटातली गोळी घेतली असेल, तर ती लाज न बाळगता आधी सांगावी, कारण दोन्ही औषधे एकत्र आली की दाब धोकादायकरीत्या घसरू शकतो.

प्रतिक्षिप्त मूर्च्छेच्या रुग्णात पहिली दहा-पंधरा मिनिटे पडद्यावर फारसे काही दिसत नाही; दाब स्थिर असतो, ठोके थोडे वाढलेले असतात. मग रुग्ण एक-दोन जांभया देतो, ‘डॉक्टरसाहेब, जरा गरम होतंय’ असे म्हणतो, ओठ पांढुरके पडतात, कपाळावर घामाचे थेंब जमतात. पडद्यावर दाबाची रेघ उतरायला लागते आणि पाठोपाठ ठोकेही उतरतात. रुग्णाची मान कलंडताच टेबल काही सेकंदांत आडवे केले जाते, अनेकदा पाय डोक्यापेक्षा वर घेतले जातात, आणि रेघ पुन्हा चढू लागते. उताणे झोपवून पाय उंच करणे हाच इथला इलाज आहे, आणि तो घरीही हाच असायला हवा. पडलेल्या माणसाला चारजणांनी धरून खुर्चीत बसवणे, उभे करून चालवणे, नाकाला कांदा किंवा चप्पल लावणे, बेशुद्ध असताना तोंडात पाणी ओतणे, यांतले पहिले दोन उपाय मूर्च्छा लांबवतात आणि शेवटचा श्वासनलिकेत पाणी घालतो. मात्र आडवे केल्यावरही एक-दोन मिनिटांत भान आले नाही, किंवा अंग भट्टीसारखे तापलेले असून माणूस बरळत असेल, तर ती साधी मूर्च्छा नव्हे. उष्माघात धरून अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने दवाखाना गाठावा.

शुद्ध आल्यावर डॉक्टर एक प्रश्न विचारतात, आणि सगळ्या चाचणीत मी त्यालाच सर्वाधिक महत्त्व देईन: ‘काकू, घरी पडलात तेव्हा अगदी असंच झालं होतं का?’ उत्तर ‘हो, असंच’ असे आले, तरच पडद्यावरच्या रेघेला अर्थ येतो.

अहवालात काय लिहिलेले असते

प्रतिक्षिप्त मूर्च्छा आली असेल तर तिचा प्रकारही नोंदवला जातो. ठोके फारसे न घटता मुख्यतः दाब पडला, तर एक प्रकार. ठोके मिनिटाला 40 च्या खाली दहा सेकंदांहून जास्त राहिले किंवा हृदय तीन सेकंदांहून अधिक थांबले, तर दुसरा. आणि दोन्हींची सरमिसळ हा तिसरा. हृदय थांबले हे शब्द अहवालात वाचून घरचे हादरतात, ते साहजिक आहे. पण हा थांबा व्हेगसच्या लगामामुळे आलेला असतो, हृदयाचा स्नायू मेल्यामुळे नव्हे, आणि रुग्णाला आडवे करताच ठोके परततात.

उभे राहताच उतरणारा दाब पहिल्या तीन मिनिटांत दिसतो, तर काही वयस्करांत तो हळूहळू, दहा-वीस मिनिटांनी उतरतो. हा उशिराचा उतार दवाखान्यातल्या तीन मिनिटांच्या मोजणीत सापडत नाही, आणि इथे टेबल खरोखर उपयोगी पडते. तरुणांत, विशेषतः मुलींमध्ये, दाब न उतरता उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत ठोके मिनिटाला 30 किंवा अधिकने, आणि बारा ते एकोणीस वयात 40 किंवा अधिकने, वाढलेले आढळू शकतात. त्याला पॉट्स म्हणतात. अशा मुलींना ‘हिला कामाचा कंटाळा आहे’ असे वर्षभर ऐकावे लागलेले असते.

आणखी एक शक्यता नाजूक आहे. रुग्ण टेबलावर बेशुद्ध झालेला दिसतो, डोळे घट्ट मिटलेले असतात, पण दाब आणि ठोके दोन्ही उत्तम असतात. म्हणजे मेंदूला रक्त पोचते आहे आणि कारण मानसिक ताणात आहे. यात सोंग नसते. रुग्णाच्या हातात ते नसतेच. सासरच्या जाचाने, कर्जाच्या धास्तीने असे होणाऱ्या माणसाला भगताकडे किंवा मेंदूच्या तपासण्यांच्या फेऱ्यांत ढकलण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे हिताचे, आणि हे सांगताना घरच्यांसमोर त्याचा पाणउतारा होणार नाही, याची काळजी डॉक्टरांनी घ्यायलाच हवी.

या चाचणीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. आयुष्यात कधीही न पडलेल्या काही निरोगी माणसांतही ती सकारात्मक येते, औषध दिल्यावर तर अधिकच. उलट ज्याला खरोखर प्रतिक्षिप्त मूर्च्छा येते, तो नेमका त्या दिवशी टेबलावर ठणठणीत उभा राहू शकतो. म्हणजे चाचणी दाखवते ती दाब घसरण्याची प्रवृत्ती. त्या दिवशी विहिरीजवळ तो का पडला, याचा ती पुरावा नव्हे. ज्याच्या ईसीजीत दोष आहे, त्याची टिल्ट चाचणी सकारात्मक आली म्हणून हृदयाची तपासणी सोडून देणे तर घातकच. औषध लागू पडले की नाही हे पाहण्यासाठी ती पुन्हा करण्यातही अर्थ नाही. धोका फार कमी असतो. मूर्च्छा येणे हा तर चाचणीचा हेतूच आहे, थोडे डोके दुखते, क्वचित ठोके काही काळ अनियमित होऊन आपोआप सुधारतात. महाधमनीची झडप फार अरुंद असलेल्यांत मात्र ही चाचणी टाळतात.

निदान प्रतिक्षिप्त मूर्च्छेचे ठरले, तर बहुतेकांना गोळीची गरजच पडत नाही. घाम सुटला, अंधारी आली, की लाज न बाळगता तिथेच आडवे व्हायचे. ते शक्य नसेल तर पायांची कैची करून मांड्या-पोटऱ्या आवळायच्या, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून विरुद्ध दिशांना ओढायचे. स्नायू असे आवळल्याने दाब चढतो आणि पुष्कळदा मूर्च्छा टळते. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी, आणि रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास जेवणात जरा जास्त मीठ, हेही सांगितले जाते. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्या भाविकांत असा रुग्ण असेल, तर त्याने निर्जळी उपास धरून उन्हाच्या वेळी चालू नये. डांबरी रस्त्यावर चालताना निदान पोटऱ्या तरी काम करत असतात. दर्शनाच्या रांगेत ताटकळताना पाणी आणि पायांची हालचाल त्याला अधिक जपावी लागते.

पेसमेकरचा, म्हणजे ठोके मंदावले की हृदयाला चालना देणाऱ्या, शरीरात बसवायच्या छोट्या यंत्राचा प्रश्न थोड्यांपुरता असतो. चाळिशीपुढचे, वारंवार आणि पूर्वसूचनेविना पडून जखमी होणारे, आणि टिल्टवर ज्यांचे हृदय थांबलेले नोंदले गेले, अशा रुग्णांवरचा एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात पेसमेकर चालू ठेवलेल्यांपैकी 16 टक्के, तर बसवून बंद ठेवलेल्यांपैकी 53 टक्के रुग्ण पुन्हा बेशुद्ध पडले. केवळ दाब पडणाऱ्याला मात्र पेसमेकरने काही साधत नाही, कारण त्याच्यात ठोके मूळ कारण नसतातच. म्हणून ‘मशीन बसवून टाका’ असा सल्ला मिळाल्यास अहवालात कोणता प्रकार लिहिला आहे, हे आधी विचारून घ्यावे. विहिरीच्या काठावर, मालाच्या ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या सीटवर ज्याचा दिवस जातो, त्याने आपले काम डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बाईला ज्या अहवालावर ‘पाणी प्या, काळजी करू नका’ एवढेच सांगितले जाईल, त्याच अहवालावर ट्रक चालवणाऱ्याला काही काळ स्टेअरिंगपासून दूर राहायला सांगावे लागते.